दिवा–रोहा गाडी, चौलचे मणी आणि एकजीव काच

सुरुवातीलाच एक छोटं काम सांगतो. हातातल्या फोनची स्क्रीन काळी करा. भाग बंद करू नका, फक्त स्क्रीन काळी. आता फोन थोडा तिरका धरून त्यात वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ दिसेल. मग पेणला, रोह्याला, अलिबागला एखाद्या जुन्या घराच्या खिडकीला मूळची काच अजून टिकून असेल तर तिच्यातून बाहेर बघा. समोरचा माड मध्येच लचकतो, विजेची तार नागमोडी होते. डोकं थोडं हलवलं की सगळं अंगण पाण्याखाली असल्यासारखं हलतं.

काही जण सांगतात की काच हळूहळू ओघळते, म्हणून जुनी काच अशी दिसते. तसं काही नाही. शंभर-दोनशे वर्षांत खिडकीतली काच ओघळत नाही. ती जन्मालाच तशी आली. कुठे जाड, कुठे पातळ, आणि आतून कुठे एका प्रकारची, कुठे दुसऱ्या प्रकारची. जाडीचा प्रश्न काच ओढण्याचा आणि पसरवण्याचा. आतल्या फरकाचा प्रश्न मात्र भट्टीचा, आणि आज आपण भट्टीबद्दलच बोलणार आहोत. वितळलेली काच एकजीव कशी होते, का होत नाही, आणि ती एकजीव करण्याच्या नादात माणसांनी काय काय केलं.

आणि हा इतिहास आपल्या गाडीच्या वाटेवर आहे. दिवा–रोहा गाडी डोळ्यांसमोर आणा. दिवा सोडलं की निळजे, मग तळोजे, पुढे पनवेल, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे आणि रोहा. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत असाही इंडियाचा काच कारखाना आहे. आपल्या देशात फ्लोट पद्धतीने काच बनवायला सुरुवात झाली ती नव्वदच्या दशकात, आणि त्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी हा एक. म्हणजे पेण-रोह्याची पोरं रोज ज्या रुळांवरून नोकरीला जातात त्याच रुळांच्या वाटेवर आधुनिक काच तयार होते. गाडी जिथे संपते त्या रोह्याला कुंडलिका नदी आहे. ही नदी पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते, आणि तिथे शेजारी चौल. चौलच्या मातीत शेकडो वर्षांपूर्वीचे काचेचे मणी सापडतात. एका टोकाला तळोजे, दुसऱ्या टोकाला चौल. मधे पेण, तिथे काच नाही, पण माती मळणारे हात आहेत. त्यांच्याकडेही येतो.

आधी काच म्हणजे काय ते पटकन बघू. वाळू, सोडा आणि चुनखडी. खिडकीच्या काचेत साधारण सत्तर-बहात्तर टक्के सिलिका असते, म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ. तेरा-चौदा टक्के सोडा. आठ-दहा टक्के चुना. बाकी मॅग्नेशिया, अ‍ॅल्युमिना वगैरे थोडं थोडं. नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. सोडा घातला की ते काम बरंच खाली येतं. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना. एवढी साधी पाककृती. मग अडतं कुठे?

अडतं मिसळण्यात. चिवड्याचा डबा आठवा. पेणच्या पोह्यांचा घ्या, आपल्याच भागातलं उदाहरण बरं. डबा भरताना सगळं नीट कालवलेलं असतं. एसटीतून दोन तास हलत आला की मीठ-हळद-तिखट तळाला, शेंगदाणे भलतीकडे, वरती कोरडे पोहे. काचेच्या कच्च्या मालाचं नेमकं हेच होतं. वाळूचा कण, सोड्याचा कण आणि चुनखडीचा कण यांचा आकार वेगळा आणि वजनही वेगळं. मिश्रण पट्ट्यावरून भट्टीपर्यंत जाता जाता वेगळं व्हायला लागतं. म्हणून कारखान्यात मिश्रणावर थोडं पाणी मारतात, साधारण तीन-चार टक्के, म्हणजे सोडा वाळूला चिकटून राहतो आणि धूळही उडत नाही. कण कोणत्या आकाराचे हे चाळून ठरवतात. वाळू जाडी असेल तर कण विरघळता विरघळत नाही. मग फार बारीक दळावी? तेही चालत नाही. पिठासारख्या वाळूच्या गुठळ्या होतात, आत हवा अडकते, आणि ती बुडबुडे होऊन काचेत राहते. लाडवाच्या रव्यासारखं आहे, मापातच बारीक हवं.

भट्टीत शिरल्यावरही सगळं एकदम वितळत नाही. आधी सोडा आणि चुना पातळ होतात, वाळूचे कण त्या रसात पोहत राहतात आणि हळूहळू विरघळतात. प्रत्येक कणाभोवती सिलिका जास्त असलेला रस तयार होतो. तो भोवतालच्या रसापेक्षा घट्ट असतो, हलका असतो आणि सहज मिसळत नाही. कण पूर्ण विरघळला तरी त्याची ही सावली मागे राहते. काच थंड झाल्यावर तीच सावली रेघ होऊन दिसते. कारखान्यात अशा जाडसर रेघांना दोरे म्हणतात, न विरघळलेल्या तुकड्याला खडा. गंमत बघा, पेणच्या गणपतीच्या मुकुटावर जो काचेचा खडा लावतात तो शोभा वाढवतो, आणि भट्टीतला खडा म्हणजे माल फेकून द्यायचा.

आता एक आकडेमोड, घाबरू नका. साखर चहात न ढवळता टाकली तरी शेवटी गोडी पसरते, बरोबर? रेणू आपोआप इकडून तिकडे सरकतात. वितळलेल्या काचेतही ते सरकतात, पण फारच सावकाश, कारण भट्टीतल्या तापमानालासुद्धा काचेचा रस मधासारखा दाट असतो. ढोबळ हिशेब असा की एक सेंटिमीटर जाडीचा वेगळ्या रचनेचा पट्टा नुसता तसाच ठेवला तर तो आजूबाजूला मिसळून जायला दहा-बारा दिवस लागतील. पण तोच पट्टा ताणून एक मिलिमीटरचा केला तर? जाडी दहापट कमी झाली की वेळ शंभरपट कमी होतो. दहा-बारा दिवसांचे दोन-तीन तास झाले. आणखी ताणला की मिनिटं. म्हणजे काच एकजीव करायची तर तिला नुसती तापवून भागत नाही. तिला हलवावी लागते, ताणावी लागते, घडी घालून परत ताणावी लागते. पेणमध्ये किंवा हमरापुरात शाडूची माती मळणारा कारागीर दुसरं काय करतो? गोळा दाबतो, ताणतो, घडी घालतो, परत दाबतो. गाठ राहिली तर मूर्ती वाळताना तिथेच तडा जातो. काचेतही अगदी तेच, फक्त तिथे हात घालता येत नाही.

हात घालता येत नाही, ही या इतिहासातली सगळ्यात मोठी अडचण.

आता चौलला जाऊ. चौलचं बंदर फार जुनं. ग्रीक-रोमन लेखकांनी त्याला सिमिल्ला म्हटलं, अरबांनी सैमूर. अल-मसूदी हा प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौलला उत्खनन सुरू केलं. इतर बऱ्याच गोष्टींबरोबर काचेचे मणी मिळाले. लहान लहान, तांबडे, निळे, काळे, पिवळे. आजीच्या जुन्या पोतीतल्या मण्यांसारखे. दिसायला काहीच विशेष नाही.

विशेष गोष्ट प्रयोगशाळेत कळली. २००८ मध्ये लॉर दुसुबिए, गोगटे आणि इतर संशोधकांनी चौलचे मणी आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनियात सापडलेले मणी यांची रासायनिक तुलना छापली. काचेची जात जुळली! सोडा खनिजातून आलेला, अ‍ॅल्युमिना भरपूर, आणि युरेनियमचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त. घाबरू नका, ते युरेनियम कोणी मुद्दाम घातलेलं नव्हतं. ज्या वाळूपासून काच बनली त्या वाळूतूनच ते आलं होतं. म्हणजे ती वाळू ग्रॅनाइटसारख्या खडकाची झीज होऊन तयार झालेली. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, तेव्हा ही काच कुंडलिकेच्या काठच्या वाळूची नव्हे, हे उघड आहे. पण ती या किनाऱ्यावर होती आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेतल्या माणसांच्या गळ्यात गेली. कुंडलिकेच्या तोंडाशी.

आता एकजीवपणाच्या नजरेने त्या मण्यांकडे बघा. अ‍ॅल्युमिना काचेला दाट करतं. खिडकीच्या काचेत ते एक-दोन टक्के असतं. या जुन्या काचेत पाच टक्क्यांहून जास्त, काही वेळा दहाच्या आसपास. रस जास्त दाट म्हणजे तो मिसळणं जास्त कठीण, बुडबुडे वर येणं कठीण, आणि लाकडाच्या भट्टीचं तापमान तर मर्यादित. मग त्या कारागिरांनी काम कसं केलं? त्यांच्याकडे वेळ होता, आणि एक जुनी युक्ती होती. एकदा वितळवायचं, थंड करायचं, फोडायचं, कुटायचं, परत वितळवायचं. हे फोडणं-कुटणं म्हणजे एक प्रकारचं ढवळणंच आहे, थंडपणी केलेलं. हात गरम रसात घालता येत नाही ना, मग रस गोठवून घ्या, तुकडे करा, तुकडे मिसळा, आणि पुन्हा भट्टीत. मला ही युक्ती फार आवडते.

पुढे मणी कसे बनत? काचेच्या गोळ्यात पोकळी करून तो लांब नळीसारखा ओढायचा, नळीचे तुकडे करायचे, आणि परत थोडे तापवून कडा गोल करायच्या. गोळा ओढला की आतले बुडबुडेही लांबट होतात, भोकाला समांतर. रंगाचे दोरेही तसेच लांब होतात. सळईवर काच गुंडाळून मणी केला तर बुडबुडे भोकाभोवती गोल फिरतात. म्हणून पुरातत्त्वाचा विद्यार्थी भिंग घेऊन बुडबुड्याची दिशा बघतो आणि मणी कोणत्या रीतीने बनला ते सांगतो. काच पूर्ण एकजीव असती तर हा पुरावाच राहिला नसता. आणि लेझरने मण्याचा अगदी बारीक कण काढून तपासतात तेव्हाही एका ठिकाणच्या मोजणीवर भागत नाही. चार ठिकाणी मोजून सरासरी घेतात, कारण एक बिंदू भलत्याच दोऱ्यावर पडला तर सगळंच चुकायचं.

आपल्याकडच्या जुन्या काचेचा अभ्यास गंभीरपणे मांडणारं पहिलं मोठं पुस्तक मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये छापलं, ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’. लेखक मोरेश्वर गंगाधर दीक्षित, आपले मराठी पुरातत्त्वज्ञ. हे नाव फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि सोडा? महाराष्ट्रात त्याचं ठिकाण म्हणजे बुलढाण्यातलं लोणार. खारट, सोडायुक्त पाण्याचं ते सरोवर. अकबराच्या दरबारातल्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये लोणारची नोंद आहे की काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो. पण नैसर्गिक सोडा शुद्ध नसतो, त्यात मीठ मिसळलेलं असतं. मीठ काचेत फार थोडं विरघळतं, उरलेलं वर तरंगतं, दुधावर साय यावी तसं. ती मळी काढून टाकली नाही तर काचेत पांढुरके डाग राहतात. म्हणजे एकजीवपणा भट्टीत बिघडतो हे खरं, पण बिघाडाची सुरुवात खाणीत, तळ्यात, पोत्यात होते.

आता उडी मारून विसाव्या शतकात येऊ, कारण तिथे गोष्ट तापते.

पैसा फंड हे नाव शाळेत ऐकलं असेल. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली की प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. मोठी कंपनी काढता आली असती, कापड गिरणी काढता आली असती, मग काचच का? कारण तेव्हा बांगड्यांपासून कंदिलाच्या काचेपर्यंत बराच माल ऑस्ट्रिया, बेल्जियम, जर्मनीकडून यायचा. घराघरात रोज फुटणारी आणि रोज विकत घ्यावी लागणारी वस्तू होती ती. तांत्रिक बाजू सांभाळायला ईश्वरदास वार्ष्णेय आले. हे काचेचं शिक्षण जपानला आणि मग अमेरिकेत एमआयटीला जाऊन घेऊन आले होते.

आपण स्वदेशीचा इतिहास सांगतो तेव्हा सभा, होळ्या, वर्गण्या सांगतो. ते सगळं खरं आहे. पण भट्टीला भावना कळत नाहीत. त्या लाटेत देशभर निघालेले कितीतरी काच कारखाने पहिल्या महायुद्धाच्या आधीच बंद पडले, आणि त्यामागे भांडवलाइतकंच हे ज्ञान कमी पडलं होतं. कोणत्या वाळूत किती लोखंड आहे? लोखंड असलं की काच हिरवी होते. मूस कोणत्या मातीची? कारण वितळलेली काच मुशीची मातीच खात असते. हे नीट समजून घ्या, फार महत्त्वाचं आहे. पंधराशे अंशाजवळचा काचेचा रस ज्या भांड्यात ठेवाल त्या भांड्याला विरघळवतो. मुशीच्या भिंतीवरून अ‍ॅल्युमिना सुटतं, दाट दोरे होऊन तळाशी उतरतं, आणि कामगार शेवटचा रस उचलतो तेव्हा त्याच्या नळीवर ते दोरे येतात. सकाळची बाटली चांगली आणि संध्याकाळची तडकलेली. माल तोच, माणूस तोच. मग ठेकेदार कामगाराला बोलणार.

बाटली तडकते का? दोऱ्याची रचना वेगळी म्हणून तो तापल्यावर वेगळा फुगतो आणि थंड होताना वेगळा आकसतो. बाजूची काच त्याला धरून ठेवते. ताण आतच अडकतो. काच कितीही हळूहळू थंड केली तरी हा ताण जात नाही, कारण तो घाईने थंड केल्याचा ताण नाही, तो दोन वेगळ्या काचा एकत्र नांदण्याचा ताण आहे. आता ही काच कंदिलाला लावा. आत ज्योत, बाहेर पावसाचा शिंतोडा. टक्! कोकणातल्या आषाढात, गोठ्यात जनावर व्यायला आलं आहे आणि कंदिलाची काच गेली, याचा अर्थ काय हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. विलायती काच महाग असूनही लोक ती का घ्यायचे, याचं उत्तर त्या ‘टक्’मध्ये आहे.

म्हणून मला तळेगावचं खरं मोठेपण त्या कारखान्याच्या मालापेक्षा त्याच्या शिक्षणात वाटतं. तो कारखाना कारखाना होता आणि शाळाही होता. तिथे शिकलेली माणसं देशभर पसरली आणि त्यांनी ठिकठिकाणी भट्ट्या सांभाळल्या. वार्ष्णेय स्वतः पुढे उत्तरेत गेले. आणि १९१६ मध्ये, युद्धामुळे बाहेरचा माल बंद झालेला असताना, कराडजवळ ओगले ग्लास वर्क्स उभा राहिला. श्रीपाद प्रभाकर ओगले आणि त्यांचे भाऊ. औंधचे पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले, जसे ते किर्लोस्करांच्या पाठीशी राहिले होते. कारखान्याभोवती जी वस्ती झाली ती ओगलेवाडी. रेल्वेचा नकाशा उघडून बघा, कराड स्टेशन आजही ओगलेवाडीतच आहे. त्यांचा प्रभाकर कंदील घराघरात गेला. कोकणातसुद्धा कित्येक घरांच्या माळ्यावर तो अजून सापडेल. कंदील म्हणजे पत्रा आणि वात, असं वाटतं. पण कंदिलाची परीक्षा त्याच्या काचेवर होते, आणि देशी काच ती परीक्षा पास झाली.

आता थोडं परदेशात. काचेत रस ढवळण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं तो माणूस ना प्राध्यापक, ना रसायनशास्त्रज्ञ. पियरे-लुई गिनाँ, स्वित्झर्लंडमधला कारागीर. त्याला दुर्बिणीची भिंगं हवी होती आणि त्यासाठी बिनरेघांची काच. दुर्बिणीच्या काचेत शिसं असतं. शिसं जड, ते तळाला जातं. शिवाय वरच्या थरातून ते वाफ होऊन उडतं. म्हणजे एकाच मुशीत वर एक काच, खाली दुसरी. १८०० च्या आसपास बरीच वर्षं प्रयोग करून गिनाँने भाजलेल्या अग्निमातीचा दांडा केला आणि त्याने रस ढवळला. ऐकायला किती साधं! पण लोखंडाची सळई घातली तर लोखंड काचेत उतरून रंग बिघडवतं, लाकूड घातलं तर जळून बुडबुडे होतात. मुशीच्याच जातीचा दांडा हवा, हे सुचायला आयुष्य गेलं त्याचं. हे गुपित तो बव्हेरियात घेऊन गेला. तिथे त्याच्या हाताखाली तरुण योसेफ फ्राउनहोफर होता. अशा चांगल्या काचेच्या प्रिझममधून १८१४ मध्ये फ्राउनहोफरला सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसल्या. सूर्य कशाचा बनला आहे हे शास्त्राला कळलं ते पुढे या रेघांवरून. काचेतल्या रेघा गेल्या तेव्हा प्रकाशातल्या रेघा दिसल्या.

इंग्रज मागे पडले. १८२५ मध्ये रॉयल सोसायटीने मायकेल फॅरेडेला या कामावर बसवलं. विजेचा फॅरेडे, तोच. त्याने चार-पाच वर्षं घातली. मुशीची माती विरघळते म्हणून प्लॅटिनमची तबकं वापरली आणि प्लॅटिनमनेच रस ढवळला. भिंगांच्या धंद्यात त्याचा मोठा उपयोग झाला नाही, पण तेव्हाच्या जड काचेचा एक तुकडा त्याने जपून ठेवला होता. १८४५ मध्ये त्याच काचेतून चुंबक प्रकाशावर परिणाम करतं हे त्याने दाखवलं. प्लॅटिनमने ढवळायची रीत मात्र चांगल्या काचेच्या धंद्यात आजपर्यंत टिकून आहे.

आपल्याकडे ही भिंगांची काच स्वातंत्र्यानंतर आली. कोलकात्याला १९५० मध्ये केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था उघडली. डॉ. आत्माराम यांच्या पुढाकाराने तिथे चष्म्याच्या नव्हे, तर दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, सैन्याची उपकरणं यांना लागणारी काच तयार झाली. जे देश ही काच करत ते तिचं तंत्र सहजी देत नव्हते. तळेगावपासून इथपर्यंत चाळीस-पन्नास वर्षं. फार वेळ लागला असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. युरोपला गिनाँपासून जर्मनीतल्या येना गावच्या काच कारखान्यापर्यंत, म्हणजे १८८४ पर्यंत, यायला जवळपास शतक लागलं.

परत तळोज्याच्या रुळांवर येऊ. फ्लोट काच म्हणजे वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरवायची. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने हे १९५९ मध्ये जगाला जाहीर केलं. काच कथिलावर येते तेव्हा हजार अंशांच्या आसपास असते, उतरते तेव्हा सहाशेच्या. कथिल आरशासारखं सपाट, म्हणून काचही सपाट. जाडीचा प्रश्न सुटला. पण एकजीवपणाचा? तो कथिलाच्या आधीच, भट्टीत सुटला पाहिजे. कथिलावर आलेला दोरा कथिल काढू शकत नाही.

अशा भट्ट्या म्हणजे मूस नव्हे, आगीचा तलावच म्हणा. शेकडो टन रस एका वेळी आत असतो, तापमान साधारण १५५० ते १६०० अंश. एका बाजूने कच्चा माल आत, दुसऱ्या बाजूने काच बाहेर, रात्रंदिवस, दहा-पंधरा वर्षं न थांबता. गणपतीला सुट्टी नाही, शिमग्यालाही नाही. आतला रस स्वतःच फिरतो. मध्यभागी सगळ्यात गरम जागा ठेवतात. तिथला रस हलका होऊन वर येतो, पसरतो, थंड भिंतींजवळ खाली जातो, तळाशी परत फिरतो. भातावर पाणी उकळताना दाणे वर-खाली फिरतात तसं. हे फिरणं म्हणजे भट्टीने स्वतः केलेलं मळणं. त्याला मदत म्हणून काही भट्ट्यांत तळातून हवेचे मोठे बुडबुडे सोडतात, काही ठिकाणी पाण्याने थंड ठेवलेले ढवळणी-दांडे असतात. लहान बुडबुडे घालवायला कच्च्या मालात थोडं सोडियम सल्फेट असतं. ते वरच्या तापमानाला वायू सोडतं, लहान बुडबुडे फुगून मोठे होतात आणि पटापट वर येतात. वर येताना तेही रस ढवळतात. पण अग्निविटा विरघळतच असतात, पूर्वीच्या मुशीसारख्या. भट्टी म्हातारी झाली की काचेत दोरे वाढतात. काचेवरच्या रेघा बघून भट्टीचं वय सांगणारे जाणकार असतात.

अशा कारखान्यात सगळ्यात जास्त भीती कशाची असते? बदलाची. वाळूची खेप बदलली, ओलावा बदलला, इंधन बदललं, रंगीत काच करायची ठरली, की जुना रस आणि नवा रस एकाच तलावात भेटतात. पूर्ण बदल व्हायला दिवस जातात, आणि तोवर जी काच निघते ती धड ही नाही, धड ती नाही. ती सगळी फोडून परत भट्टीत.

आणि तुमच्या फोनची काच? तिच्यात अ‍ॅल्युमिना खूप जास्त असतं, खिडकीच्या काचेच्या कित्येक पट. आठवलं का, चौलचे मणी? तोच दाटपणाचा त्रास, फक्त आता तापमान सोळाशेच्या वर नेता येतं आणि ढवळायला प्लॅटिनम आहे. पुढे तो रस एका लांब पन्हळीतून दोन्ही बाजूंनी ओसंडून वाहतो, खाली दोन्ही पडदे एकमेकांना चिकटतात, आणि काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागाला कशाचाच स्पर्श होत नाही. नंतर काच पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे लहान अणू जातात, पोटॅशियमचे मोठे त्यांच्या जागी बसतात आणि वरचा थर आवळला जातो. काच एकजीव नसेल तर हा आवळही सारखा बसत नाही. म्हणजे फोन पडल्यावर कुठून फुटेल हे तुमच्या नशिबाआधी भट्टीत थोडंफार ठरलेलं असतं.

शेवटचं, भंगाराचं. फुटकी काच परत भट्टीत घालणं हे काच उद्योगात जुनंच. ती लवकर वितळते, इंधन वाचतं, सोडा वाचतो. पेण-रोह्यातल्या भंगारवाल्यांकडे साठलेल्या बाटल्यांना म्हणूनच भाव मिळतो. पण त्या पोत्यात कोणी चिनी मातीचा फुटका कप टाकला किंवा ओव्हनमध्ये चालणारं काचेचं भांडं टाकलं, तर सगळं बिघडतं. चिनी माती विरघळत नाही, तिचा खडा होतो. ओव्हनच्या भांड्याची काच वेगळ्या जातीची, ती बाटलीच्या रसात गाठ होऊन राहते. मग एक बाटली भरताना फुटते, कारखान्यात लाईन थांबते, आणि पोतं कोणाचं होतं हे कोणालाच कळत नाही. तेव्हा बाटल्या वेगळ्या द्या, कप वेगळा टाका, आणि ओव्हनचं भांडं फुटलं असेल तर बाटल्यांच्या पोत्यात अजिबात नको.

पुढच्या भागात पेणची मिठागरं. भेटूच.